शेठ वालचंद हिराचंद : जोडणीपासून घडणीपर्यंत

दुसऱ्यानें घडविलेले भाग आणून ते नीट जोडणें हें एक काम आहे, आणि ते भाग स्वतः घडविणें हें दुसरें. पहिल्यास कौशल्य लागतें. दुसऱ्यास कौशल्याबरोबर भांडवल, धीर आणि अनेक वर्षें वाट पाहण्याची तयारी लागते. या दोहोंमधील अंतर ज्यांनीं स्पष्टपणें ओळखलें, आणि तें तोडण्याच्या खटपटींत आयुष्याचीं अखेरचीं वर्षें वेंचलीं, त्या शेठ वालचंद हिराचंद यांचें चरित्र आम्ही या अंकांत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

हें नांव आपणां नाशिककरांस अगदींच परकें नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत, मालेगांव तालुक्यांत, रावळगांव म्हणून गांव आहे. तेथील गोळ्या ज्यानें लहानपणीं चघळल्या नाहींत असा वाचक विरळाच असेल. त्या रावळगांवचा साखर कारखाना १९३३ सालीं वालचंदांनींच उभारला. परंतु साखर हा त्यांच्या उद्योगाचा एक भाग झाला. रेल्वेचे बोगदे, आगबोटी, विमानें आणि मोटारी इतक्या निरनिराळ्या गोष्टींस या एका गृहस्थानें हात घातला. आणि त्यांपैकीं मोटारीची हकीकत आज विशेष बोधप्रद आहे असें आम्हांस वाटतें.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं सोलापूर येथें एका जैन व्यापारी कुटुंबांत झाला. घराणें मूळचें गुजराथचें, पण सोलापूर भागांत स्थायिक झालेलें. वडील हिराचंद नेमचंद दोशी हे कापसाचा व्यापार व सावकारी करीत. १८९९ सालीं वालचंद सोलापूरच्या सरकारी हायस्कुलांतून मॅट्रिक झाले व पुढें महाविद्यालयांतहि गेले. परंतु त्यांचें मन पुस्तकांत फार काळ रमलें नाहीं. वडिलांची पेढी तयार होती. गादीवर बसावें, व्याज मोजावें, कापसाच्या भावावर नजर ठेवावी, असें सुखाचें आयुष्य त्यांस सहज लाभलें असतें. पण घरचा धंदा बसून करावयाचा होता, आणि वालचंदांस उभें राहून करावयाच्या कामाची आवड होती.

लक्ष्मणराव बळवंत फाटक नांवाचे एक गृहस्थ पूर्वी कारकून होते. त्यांस रेल्वेच्या कंत्राटी कामाची माहिती होती. वालचंदांच्या मागें घरची पत होती. एकाची माहिती व दुसऱ्याची पत एवढ्या भांडवलावर दोघांची भागी जमली, आणि बार्शी लाईट रेल्वेच्या कामापासून तिचा आरंभ झाला. मातीकाम दिसावयास सोपें, पण त्याचा हिशेब कठीण असतो. उन्हाळ्यांत मजुरांस पाणी कोठून आणावयाचें, भराव नीट बसण्यापूर्वीं पाऊस आला तर काय करावयाचें, मापें मंजूर होऊन पैसे हातीं येईपर्यंत मजुरी कोठून द्यावयाची, या प्रश्नांचीं उत्तरें कोणत्याहि पुस्तकांत नसतात. तीं वालचंद रुळांच्या कडेला उभे राहून शिकले. पुढें टाटांच्या भागीदारींत बोरघाटांतील रेल्वेचे बोगदे खोदण्याचें आणि तानशाचें पाणी मुंबईस आणणारे मोठे नळ टाकण्याचें अशीं अवघड कामें त्यांनीं पार पाडलीं. १९२६ सालीं हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. कंत्राटदार म्हणून त्यांचें नांव देशभर झालें.

येथेंच ते थांबले असते तरी श्रीमंत म्हणून गणले गेले असते. परंतु पहिलें महायुद्ध संपतांच त्यांची दृष्टि समुद्राकडे वळली. त्या काळीं हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील बहुतेक वाहतूक इंग्रजी कंपन्यांच्या हातीं होती. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची एक आगबोट युद्धकाळीं रुग्णनौका म्हणून वापरली गेली होती. ती विकावयाची आहे असें कळल्यावर वालचंदांनीं नरोत्तम मोरारजी, लल्लुभाई सामळदास व किलाचंद देवचंद यांच्याबरोबर ती विकत घेतली. ‘लॉयल्टी’ नांवाची ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजीं मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. १९६४ पासून हा दिवस आपल्या देशांत राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. बोट निघाली खरी. पण इंग्रजी कंपन्यांनीं भाडीं उतरवून सिंदिया कंपनीस जेरीस आणलें, आणि १९२३ सालीं आपल्या बोटी किनाऱ्यापुरत्याच चालविण्याचा दहा वर्षांचा करार तिला पत्करावा लागला. बोट विकत मिळते, पण बोटीचा धंदा विकत मिळत नाहीं, हा धडा वालचंदांस येथें मिळाला. शिवाय बोटी बांधणारे दुसरेच असतील तर कितीहि बोटी घेतल्या तरी आपण गिऱ्हाईकच राहणार, हेंहि त्यांच्या ध्यानांत आलें. म्हणून त्यांनीं विशाखापट्टण येथें जहाजें बांधण्याची गोदी काढण्याचें मनावर घेतलें. तिची कोनशिला २१ जून १९४१ रोजीं बाबू राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें बसली. दुसऱ्याच वर्षीं, एप्रिल १९४२ मध्यें, त्या शहरावर जपानी बाँब पडले, आणि काम विस्कळित झालें. तरीहि १४ मार्च १९४८ रोजीं ‘जलउषा’ हें तेथें बांधलेलें जहाज पंडित नेहरूंच्या हस्तें पाण्यांत सोडलें गेलें.

आतां मोटारीच्या गोष्टीकडे वळूं.

ज्यांस मोटार परवडे अशा आपल्या लोकांनीं विसाव्या शतकाच्या आरंभापासून ती वापरली. पण ती सबंध परदेशांतून येई. अखंड मोटार जहाजांत फार जागा अडविते व तिचें भाडें जबर पडतें. म्हणून परदेशी कंपन्यांनीं एक युक्ति काढली. मोटारीचे भाग सुटे करून लांकडी पेट्यांत भरावे, त्या पेट्या बंदरावर उतरवाव्या, आणि तेथेंच स्वस्त मजुरीनें मोटार जोडून विकावी. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडी येथें असा जोडणीचा कारखाना काढला. फोर्ड कंपनीनेंहि मुंबई, मद्रास व कलकत्ता येथें आपली जोडणी सुरू केली.

अशी जोडणी कशी होते तें मुलांस थोडक्यांत सांगतों. प्रथम पेट्या उघडून प्रत्येक भाग यादीशीं ताडून पाहतात. एक खिळा कमी असला तरी पुढें काम अडतें. मग मोटारीचा लोखंडी सांगाडा, ज्यास कारागीर चासी म्हणतात, तो घोड्यांवर ठेवतात. त्यास पुढच्या व मागच्या बाजूस स्प्रिंगा व आंस बसवितात. नंतर सांखळीच्या कप्पीनें इंजिन व गिअरची पेटी उचलून हळूच सांगाड्यावर उतरवितात. तें बसतांना बोटभर जागा चुकली तरी मागें जाणारा दांडा सरळ येत नाहीं. पुढें स्टिअरिंग, ब्रेक, पेट्रोलची टांकी, विजेच्या तारा आणि चाकें. दुसरीकडे पत्र्याचा सांठा जोडून, घासून, रंगवून तयार होतो. तो वरून उतरवून बोल्टांनीं आवळतात. शेवटीं दिवे व ब्रेक तपासून, एखादा अनुभवी माणूस गाडी चालवून पाहतो आणि कोठें खडखड ऐकूं येते तें सांगतो. या प्रत्येक टप्प्यावर वेगळी टोळी असते, व प्रत्येक टोळीस आपलेंच काम पुन्हां पुन्हां करावें लागतें. यांत हात तरबेज होतात, शिस्त लागते. हें काम हलकें आहे असें कोणीं समजूं नये.

पण आतां पहा. या सर्व टोळ्यांत इंजिनाचा ठोकळा ओतणारा कोणी नाहीं, त्याचीं नळकांडीं इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक तासणारा कोणी नाहीं, गिअरचे दांते कापून त्यांस पाणी देणारा कोणी नाहीं, पत्रा दाबण्याचे सांचे करणारा कोणी नाहीं. म्हणजे मोटारीचा जो गाभा, ती विद्या पेटीबाहेर आलीच नाहीं. पेट्या येण्याचें बंद झालें कीं कारखानाहि बंद. परदेशी कंपनीस यांत कांहींच गैर नव्हतें. तिचा माल खपला म्हणजे झालें. गैर वाटावयाचें तें आपणांस.

येथें कोणी असें विचारील कीं, खुद्द इंग्लंडांत तरी सगळेच कारखाने सर्व भाग घडवीत होते काय? नव्हते. ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें १९२९ पासून १९८० पर्यंत एम. जी. नांवाच्या शर्यतीच्या बाण्याच्या लहान मोटारी तयार होत. सेसिल किंबर नांवाच्या हौशी गृहस्थानें मॉरिस मोटारींत सुधारणा करतां करतां हा उद्योग वाढविला होता. त्याचा कारखाना पूर्वीच्या एका कातड्याच्या कारखान्याच्या जागेंत होता. तेथेंहि इंजिनें व सांठे बाहेरून येत, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरहि गाड्या एका टप्प्यावरून दुसऱ्यावर हातांनींच ढकलीत नेत. तेथील मोटारी अजून जगभर हौशी लोक जिवापाड जपतात. मग ॲबिंग्डनची जोडणी मानाची आणि मुंबईची जोडणी अपुरी, असें कां म्हणावें? याचें उत्तर सोपें आहे. ॲबिंग्डनचें इंजिन त्याच देशांतल्या दुसऱ्या गांवाहून येई; त्यांत कांहीं बदल हवा असल्यास तेथील माणसें जाऊन ओतशाळेच्या कारागिराशीं बोलत. मुंबईचें इंजिन समुद्रापलीकडून येई, आणि तें कसें घडलें हें विचारण्याचें कारण मुंबईच्या कारागिरास कधीं पडत नसे. जोडणीस कमीपणा नाहीं. पण घडणीची विद्या हांकेच्या अंतरावर नसली तर जोडणी पांगळी राहते.

ही गोष्ट ज्या थोड्या लोकांच्या मनास लागली त्यांत सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे प्रमुख होते. हे विख्यात इंजिनियर आपल्या नोकरीच्या आरंभीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत असतांना नाशिक व खानदेश भागांत होते. १९३५ च्या सुमारास त्यांनीं युरोप-अमेरिकेंतील मोटारीचे कारखाने पाहून मुंबईंत तसा कारखाना काढण्याची योजना आंखली. वालचंदांनीं ती उचलून धरली. १९३७ सालीं अधिकारावर आलेल्या मुंबईच्या मंत्रिमंडळानें सहानुभूति दाखविली. १९३९ सालीं वालचंद स्वतः अमेरिकेस गेले. फोर्ड कंपनीशीं जमलें नाहीं. क्राइस्लर कंपनीनें मात्र अनुकूलता दाखविली. तोंच दुसरें महायुद्ध सुरू झालें, मुंबईच्या मंत्रिमंडळानें राजीनामा दिला, आणि हिंदुस्थान सरकारनें या कारखान्याचा युद्धकार्याशीं संबंध नाहीं असें ठरवून हात आंखडला. यंत्रांसाठीं डॉलर हवे होते, ते मिळेनात. सारी योजना कागदावर राहिली.

दुसरा कोणी असता तर निराश होऊन बसला असता. पण अमेरिकेहून परततांना पॅसिफिक महासागरावरील विमानप्रवासांत वालचंदांची विल्यम पॉली नांवाच्या अमेरिकन गृहस्थाशीं गांठ पडली. पॉली यांचा चीनमध्यें विमानांचा कारखाना होता. मोटारीसाठीं गेलेले वालचंद विमानाची कल्पना घेऊन परतले. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनीं बंगळूर येथें जागा व भांडवल देऊं केलें, आणि डिसेंबर १९४० मध्यें हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४१ सालीं तेथें जोडलेलें पहिलें शिकाऊ विमान आकाशांत उडालें. परंतु युद्धाची निकड वाढतांच, १९४२ सालीं, सरकारनें वालचंदांचे भाग विकत घेऊन कारखाना आपल्या ताब्यांत घेतला. लावलेलें झाड दुसऱ्याच्या अंगणांत गेलें. पण झाड जगलें. याच कारखान्याचें पुढें हिंदुस्थान एरोनॉटिक्स असें नांव झालें, आणि १९६४ सालीं त्याची एक शाखा आपल्या नाशिकजवळ ओझर येथें निघाली. तेथें मिग विमानें प्रथम रशियांतून आलेल्या भागांपासून जोडलीं गेलीं, आणि मग एकेक भाग येथेंच घडूं लागला. ओझरच्या आकाशांत विमानाचा आवाज ऐकणाऱ्या मुलांनीं एका सोलापूरकराची ही हकीकत ध्यानांत ठेवावी.

मोटारीचा नाद वालचंदांनीं सोडला नव्हता. १९४४ सालीं त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनी काढली, मुंबईजवळ कुर्ला येथें कारखाना बांधला, आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर तेथून क्राइस्लर कंपनीच्या डॉज वगैरे जातींच्या मोटारी व मालगाड्या बाहेर पडूं लागल्या. कलकत्त्याकडे बिर्ला यांच्या हिंदुस्थान मोटर्स कंपनीनें इंग्लंडांतील मॉरिस गाडी घेतली होती. कुर्ल्याच्या गाड्याहि आरंभीं पेटींतूनच आल्या. म्हणजे वर सांगितलेली जोडणीच तेथेंहि चालली. तेव्हां वालचंदांनीं नवें तें काय केलें? नवें हेंच कीं, परदेशी कंपनीस जोडणी हा शेवट होता, आणि यांस ती पहिली पायरी होती. आज स्प्रिंग येथें करावी, उद्यां आंस, मग गिअर, मग इंजिन, अशा क्रमानें पेटी रिकामी करीत जावयाची. हें काम फार सावकाश चालतें. येथें केलेला पहिला भाग परदेशच्या भागापेक्षां महाग पडतो आणि पुष्कळदां वाईटहि निघतो. गिऱ्हाईक कुरकुर करतें, भागीदार नफा विचारतात. त्या वर्षांत जो मालक टिकतो तोच पुढें कांहीं घडवितो.

१९५३ सालीं सरकारनें जकात-मंडळाच्या शिफारशीवरून असें ठरविलें कीं, ज्या कंपन्यांपाशीं भाग येथेंच घडविण्याचा क्रमवार कार्यक्रम नसेल त्यांनीं नुसती जोडणी बंद करावी. त्यास अनुसरून जनरल मोटर्स व फोर्ड यांनीं पुढल्याच वर्षीं येथील जोडणी थांबविली. शिवडीच्या कारखान्यास पंचवीस वर्षें होऊन गेलीं होतीं, पण त्यानें येथें मोटार घडविण्याची विद्या मागें ठेविली नाहीं. कुर्ल्याचा कारखाना मात्र चालू राहिला.

हा दिवस पाहण्याचें वालचंदांच्या नशिबीं नव्हतें. १९५० च्या सुमारास प्रकृति ढासळल्यामुळें ते कारभारांतून निवृत्त झाले होते, आणि ८ एप्रिल १९५३ रोजीं गुजराथेंत सिद्धपूर येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या मागें कुर्ल्याच्या कारखान्यानें इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्यानें फियाट ११०० ही गाडी हातीं घेतली व हळूहळू तिचे भाग देशांतच घडविले. तीच गाडी पुढें प्रीमियर पद्मिनी या नांवानें ओळखली जाऊं लागली. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती मुंबईंत पिढ्यान्पिढ्या धांवली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निघाली. वालचंदांच्या कारखान्याचें सर्वच कौतुक करावें असेंहि नाहीं. परदेशी गाड्यांची स्पर्धा नव्हती तेव्हां गिऱ्हाइकास गाडीसाठीं वर्षानुवर्षें थांबावें लागे, आणि गाडींत सुधारणाहि फारशी झाली नाहीं. स्पर्धा येतांच ती मागें पडली. घडविण्याची विद्या एकदां मिळाली म्हणजे संपलें असें नाहीं. ती रोज वाढवावी लागते, नाहीं तर घडविणाराहि पुन्हां जोडणाराच होतो.

तरीहि त्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून जें निघालें तें केवळ गाड्यांत मोजतां येत नाहीं. मोटारीस कांच लागते, रबर लागतें, विजेरी लागते, शेंकडों बारीक भाग लागतात. मोठा कारखाना ते मागूं लागला कीं लहान कारखाने उभे राहतात. आपल्या सातपूर-अंबड भागांत मोटारी व मोटारींचे भाग तयार करणारे कारखाने निघाले, त्यांत आमचे कित्येक माजी विद्यार्थी पाने व मापें हातीं धरून संसार करीत आले आहेत. सांगली येथील अभियांत्रिकी महाविद्यालयास १९५५ सालीं वालचंदांचें नांव देण्यांत आलें. ज्यानें पदवीपेक्षां कामाकडे धांव घेतली त्याचें नांव विद्यालयास शोभतें, कारण त्याचें सारें आयुष्य शिकण्यांतच गेलें.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलगा यंत्र उघडून पाहूं लागला, हात काळे करून घरीं आला, तर त्यास रागावूं नये. खुर्चीवर बसून करावयाचें काम तेवढें प्रतिष्ठेचें, ही समजूत अजून आपल्यांतून पुरती गेलेली नाहीं. आणि मुलांस सांगावयाचें तें हें कीं, परीक्षेचे दिवस आले म्हणजे तयार उत्तरें आणून तीं वहींत जोडण्याचा मोह होतो. जोडलेल्या उत्तरानें गुण मिळतील. पण पेटी बंद झाली कीं विद्या संपली. एखादें उदाहरण रात्रभर न सुटलें तरी तें आपल्या बुद्धीनें घडवून पहावें. पहिलें घडविलेलें उत्तर वाईट निघेल, महागहि पडेल. कुर्ल्याच्या पहिल्या भागांचीहि हीच गत होती.